ठशातलं पाणी

१

नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, आणि हर्षालीने सात नंबरच्या टेबलावरचा रुमाल उचलला. टाळ्या एकेक करत थांबल्या. रुमालाखाली चिखल होता, डबकी होती, वाळका पाचोळा होता, वाळूच्या पोत्यांची छोटीशी भिंत होती. फक्त जवान नव्हता.

"माझा जवान कुठाय?" हर्षाली म्हणाली.

तिने पुन्हा तेच विचारलं, आणि या वेळी तिचा आवाज फाटला.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आमचं लघुसैनिक मंडळ म्हणजे नोकऱ्या-संसार सांभाळून बोटाएवढे सैनिक रंगवणाऱ्या मोठ्या माणसांचं मंडळ. वर्षातून एकदा गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयाचा हॉल घेऊन आम्ही प्रदर्शन भरवतो. सैनिकाला आम्ही फिगर म्हणतो आणि त्याच्या पायाखालच्या वीतभर जमिनीला बेस. नारळ फुटेपर्यंत प्रत्येक टेबलावर रुमाल टाकलेला असतो. आधी कोणी कोणाचं काम बघायचं नाही, हा मंडळाचा सगळ्यात जुना नियम. मी मंडळाचा सेक्रेटरी, ज्ञानेश गायधनी. नियम पाळले जातायत की नाही हे बघणं माझ्याकडे.

सात नंबरवर दरेकर नवरा-बायकोचं काम होतं. हर्षाली फिगर रंगवते, तिचा नवरा रविराज बेस करतो. हर्षाली दातांची डॉक्टर आहे. तिचा हात इतका स्थिर की जवानाच्या मनगटावरच्या घड्याळात किती वाजलेत तेही दिसतं. गेली तीन वर्षं पहिला नंबर तिचा आणि तिसरा माझा. मी जळत नाही असं मी सगळ्यांना सांगतो आणि कोणाचाही त्यावर विश्वास बसत नाही. त्या दिवशीही मी मनात म्हटलंच होतं, बेसचा लाकडी पाट या वेळी नेहमीपेक्षा चांगला दोन बोटं उंच केलाय, उगाच ऐट.

टेबलावर मी छापून ठेवलेलं कार्ड होतं: 'तोफखान्याचा जवान, १९७१. हर्षाली दरेकर.' हा जवान म्हणजे तिचे वडील, देवराम आहेर. त्यांच्या तरुणपणीच्या एका फोटोवरून तिने तो रंगवला होता. देवराम देवळ्याला राहतात. मुलीच्या या छंदाला ते आजवर भातुकली म्हणत आले होते आणि प्रदर्शनाला पहिल्यांदाच येणार होते.

"बाबा दुपारच्या एसटीने येतायत," हर्षाली म्हणाली. "त्यांना काय दाखवू? चिखल? नाही सापडला ना, तर मी परत ब्रश हातात धरणार नाही. पहिला नंबर कोणाला घ्यायचा तो घेऊ दे."

मी सेक्रेटरीच्या आवाजात सगळ्यांना विचारलं, "नारळाच्या आधी या रुमालाला कोणी हात लावला होता का?"

सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. मीही हलवली. पण माझे कान तापले होते, कारण तो रुमाल हर्षालीच्या आधी मी उचलला होता.

२

नेमकी तेव्हाच माझी बायको उज्वला माझा डबा घेऊन हॉलमध्ये आली.

उज्वला विम्याच्या कामात सर्व्हेअर आहे. कुठे गोदाम जळलं, कुठे ट्रक उलटला, कुठे बेदाण्याच्या शेडचं छप्पर उडालं की ती जाऊन बघते आणि ते आपोआप झालं की कोणी करवलं हे सांगते. घरी मी गुळाचा डबा उघडला तरी तिला झाकणावरून कळतं. तिचं हे डोकं मला फार आवडतं, आणि चारचौघांत लोक त्याची तारीफ करायला लागले की मला जरा पाणी प्यावंसं वाटतं.

तिने डबा माझ्या हातात दिला, हर्षालीला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "जवान शेवटचा कोणी बघितला?"

"मी. सकाळी आल्या आल्या डबी रवीच्या हातात दिली. आत जवान होता, बुचावर टोचलेला, चारी बाजूंनी कापूस. बेसवर रवी लावणार होता. मी दारात रांगोळी काढायला बसले. परत आले तर रुमाल टाकलेला होता आणि रवीने मला रिकामी डबी दिली."

"बूच कसलं?" उज्वलाने मला विचारलं.

मी सांगितलं. रविराज विंचूरच्या वाइन पार्कमधल्या एका कंपनीत आहे, तो तिथून बाटल्यांची बुचं आणतो. फिगरच्या बुटांतून दोन तारा खाली आलेल्या असतात. त्या बुचात टोचायच्या आणि बूच धरून रंगवायचं, म्हणजे रंगाला बोट लागत नाही. मग बेसवर दोन भोकं पाडून त्याच तारा तिथे रोवायच्या आणि गोंदाचा थेंब सोडायचा. झाला जवान उभा.

उज्वलाने डबी उघडून बघितली. आत नुसता कापूस होता.

"बेसवर लावलेला तू बघितलास का?"

"नाही. मंडळाचा नियम आहे. आणि घरातही आमचा तोच नियम आहे. मागे एकदा एकमेकांच्या कामात नाक खुपसलं आणि मग कितीतरी दिवस बोलणं बंद. तेव्हापासून तो गच्चीवरच्या शेडमध्ये, मी खाली. एकमेकांचं काम आम्ही हॉलमध्येच बघतो."

"आणि आज बघितलास का? बेस?"

"बेसचं काय घेऊन बसलात, ताई!" हर्षाली उसळली. "बेस आहे तिथेच आहे!"

तिच्या मागे उभा असलेला रविराज खिडकीकडे वळला.

रांगोळी दारातच होती, त्यामुळे कोण आलं-गेलं, कोणाच्या हातात काय होतं, ते हर्षालीला पक्कं माहीत होतं. ती रांगोळी काढत होती तेव्हा आत चौघंच होते: रविराज, ढुंढिराजकाका, मयुरेश आणि मी. बाकीचे नारळाच्या वेळी घोळक्याने आले. म्हणजे चोर आमच्या चौघांतला. लोकांनी आमच्याकडे बघायला सुरुवात केली आणि मला जाणवलं की सगळ्यांत जास्त ते माझ्याकडे बघतायत.

उज्वलाने पहिल्यांदा ढुंढिराजकाकांना गाठलं. काका पंचवटीतल्या पुरोहितांच्या घरातले. घरचं काम मुलावर सोपवून ते गेली कित्येक वर्षं फक्त मराठेशाहीतले घोडेस्वार रंगवतायत. हर्षाली येईपर्यंत पहिला नंबर त्यांच्या घरी नांदत होता.

"मी चोरू?" काका भिंगातून उज्वलाकडे बघत म्हणाले. "आणि ठेवू कुठे? माझ्या घोडेस्वारांशेजारी ठेवला तर माझेच मातीचे वाटतील. गेल्या खेपेला त्या पोरीने शिपायाच्या डोळ्यांत पाणी रंगवलं होतं, पाणी! मी घरी जाऊन माझ्या सगळ्या स्वारांचे डोळे बघितले. सगळे नुसते वटारलेले. दोन दिवस जेवण गेलं नाही मला."

"म्हणजे राग आहे तुमचा तिच्यावर."

"राग नाही, बाई. मत्सर आहे. स्पष्ट सांगतो, या वयात लपवायचं काय? पण माझ्या हाताला आता कंप आहे. तो इवलासा जवान उपटायला गेलो असतो तर निम्मा बेस उखडला असता." त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही त्या मयुरेशला विचारा. सकाळपासून ती पिशवी छातीशी धरून बसलाय. आणि त्याच्या पिशवीत कापूस आहे, मी बघितलाय."

३

मयुरेशचं कॉलेज रोडला छंदाच्या सामानाचं दुकान आहे. रंग, ब्रश, गोंद, सुटे सैनिक. त्याच्याकडून पिशवी काढून घ्यायला दोन माणसं लागली. आत रबराचा साचा करायचं सामान होतं, आणि तळाशी कापसात गुंडाळलेला एक सैनिक.

"मिळाला!" कोणीतरी ओरडलं. हर्षाली धावत आली, तिने कापूस सोडवला, आणि ती मटकन खाली बसली. तो तिचा जवान नव्हता. एक डोंगरी तुकडीचा शिपाई होता, पांढऱ्या कोटातला.

"माझाच आहे," मयुरेश म्हणाला. त्याचं तोंड लाल झालं होतं. "माझ्या टेबलावरचा रुमाल उचला. खाली काहीच नाहीये. सकाळी आलो, कार्ड बघितलं, तर माझं टेबल तिच्या शेजारी. दुकानात येणारा प्रत्येक जण मला विचारतो, हर्षालीमॅडम कुठला रंग वापरतात? मी विकतो तोच वापरतात! तिच्या शेजारी मांडायची हिंमत झाली नाही. गुंडाळून ठेवला."

"आणि साचा?"

"तिच्या जवानाचा साचा काढून प्रती विकू का, असं विचारलं होतं. नाही म्हणाली. आज परत विचारणार होतो. पण चोरून साचा काढला तर विकू कोणाला? नाशिकमध्ये तो जवान ओळखणार नाही असं एकही गिऱ्हाईक नाहीये माझ्याकडे."

उज्वलाने त्याची पिशवी त्याला परत दिली आणि ती रविराजकडे गेली. तो सात नंबरजवळच उभा होता. मी डबा हातात घेऊनच मागे मागे होतो.

"जवान लावलात तुम्ही?"

"लावला."

"मग?"

"रुमाल टाकला. चहाला गेलो."

"कोणी जवळपास होतं?"

"लक्ष नाही."

एवढं बोलायलाही त्याला जड जात होतं. उज्वलाने जरा वेळ बेसकडे बघितलं आणि अगदी सहज विचारलं, "हा पाला कशाचा हो?"

रविराजने मान वर केली.

"कांद्याच्या टरफलाचा. चहात बुडवून वाळवायचा आणि मग कात्रीने पानं कातरायची. हा ओंडका द्राक्षाच्या वेलाची साल. माती शेतातली, पण ती तव्यावर भाजून घ्यायला लागते. नाहीतर आत बी राहतं आणि महिन्याने तुमच्या रणांगणात गवत उगवतं." तो आता वाकून बोटाने दाखवत होता. "चिखल सगळ्यांत अवघड. ओला दिसला पाहिजे पण तेलकट नाही. तीन रंगांचा चिखल आहे यात. डबक्याजवळचा वेगळा, पोत्यांखालचा वेगळा."

"आणि हे पाणी?"

"रेझिन. गुरुवारी ओतलं. पातळ थर देत जावं लागतं, आणि कडक व्हायला पूर्ण एक दिवस. घाई केली तर वर साय धरते."

"सुंदर आहे," उज्वला म्हणाली.

रविराजने तिच्याकडे असं बघितलं की मलाच कसंतरी झालं. कोणीतरी त्याला जेवलास का म्हणून विचारावं आणि त्याला आठवावं की आपण सकाळपासून उपाशी आहोत, तसं काहीतरी.

मग उज्वलाने माझी बाही धरली, मला पुस्तकांच्या कपाटामागे नेलं आणि म्हणाली, "आता सांगा. तो रुमाल तुम्ही कधी उचललात?"

४

"मी? मी कशाला?"

"अहो, हर्षालीने रुमाल उचलला तेव्हापासून तुम्ही एकदाही त्या बेसवर वाकला नाहीत. लोकांकडून कळलं मला, सगळे गर्दी करत होते आणि तुम्ही मागे उभे होतात. तुम्ही! दुसऱ्याचा बेस दिसला की नाक टेकेपर्यंत वाकणारे! म्हणजे तुमचा बघून झाला होता."

मी कपाटाला टेकलो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"रवी रुमाल टाकून चहाला गेला तेव्हा. मी समोरच नोंदणीच्या टेबलावर बसलो होतो. माझ्याच्याने राहवलं नाही. कोपरा उचलला. जवान नव्हता, उज्वला. मला वाटलं, चहा पिऊन आल्यावर लावणार असेल. परत रुमाल टाकला आणि जाऊन बसलो."

"रवी टेबलावरून हलल्यापासून तुम्ही रुमाल उचलेपर्यंत तिथे कोणी गेलं?"

"कोणीच नाही. माझी नजर तिथेच चिकटली होती."

"आणि हे तुम्ही मघाशी बोलला नाहीत."

"काय बोलू? सेक्रेटरीनेच नियम मोडला म्हणून? आणि मी तिथे होतो, मला तिसरा नंबर, सगळ्या नाशिकला माहितीये मी किती जळतो. त्यांनी माझेच खिसे उलटे केले असते."

"अजूनही करतील," उज्वला शांतपणे म्हणाली. "कोपरा उचललात तेव्हा काय दिसलं? सगळं सांगा. तुमच्याइतकं बारीक कोणी बघितलं नसणार."

हे कौतुक होतं की टोमणा ते मला आजही कळलेलं नाही. मी डोळे मिटले आणि आठवलं.

"पाट नेहमीपेक्षा दोन बोटं उंच, उगाच ऐट. मग पोती. पोत्यांवर शिवण दिसत होती, हरामखोराने शिवण केलीये! मग पाला. आणि मधोमध बुटांचे ठसे, दोन. एक जरा खोल, म्हणजे त्या पायावर भार देऊन उभा राहिलेला माणूस. आणि टाचेच्या ठशात पाणी साचलेलं. एवढंसं, चमकणारं. ते बघून माझ्या पोटात दुखलं. असं पाणी मला जन्मात जमणार नाही."

उज्वला माझ्याजवळ सरकली.

"पाणी ठशात होतं? आत?"

"आत. टाचेपाशी."

"म्हणजे जवानाच्या बुटाच्या खाली."

दोन-चार मिनिटं त्या ठशाकडे टक लावून बघणारा मी, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हिला नुसतं ऐकून कळलं. मला क्षणभर तिचा इतका राग आला की मी डबा कपाटावर आपटून ठेवला.

"चला," ती म्हणाली. "हर्षालीला आणि त्या तिघांना सात नंबरपाशी बोलवा. बाकीच्यांना चहा द्या. आणि लवकर, तिचे वडील येण्याच्या आत."

५

आम्ही टेबलाभोवती उभे राहिलो. काका भिंग घेऊन, मयुरेश पिशवी घेऊन, हर्षाली रडून सुजलेल्या डोळ्यांनी, आणि रविराज सगळ्यांत मागे.

"हर्षाली," उज्वला म्हणाली, "आता एकदा बेसकडे बघ. नीट. तुझ्या जवानाच्या बुटांतून दोन तारा येतात ना? त्या रोवलेली भोकं दाखव मला."

हर्षाली वाकली. तिने ठशांवर बोट ठेवलं, मग नख घासलं. तिच्या कपाळावर आठी आली.

"भोकं नाहीयेत."

"गोंदाचा डाग?"

"नाही."

"काका, तुम्हीच म्हणालात, उपटला असता तर बेस उखडला असता. एक कण हललेला नाही. कारण इथून काही उपटलंच नाही. जवान या बेसवर कधी उभाच नव्हता." उज्वलाने नखाने टाचेतल्या पाण्यावर टकटक केलं. कडक आवाज आला. "आता हे पाणी. चिखलात पाय असतो तोवर ठशात पाणी येतं का? पाय उचलला की मग भरतं. म्हणजे ज्याने हे केलं, त्याने माणूस निघून गेल्यानंतरची जागा केली. आणि हे रेझिन सकाळच्या धांदलीत ओतलेलं नाही, त्याला कडक व्हायला एक दिवस लागतो. गुरुवारी ओतलंय. आज शनिवार. जवान आज इथे नसणार, हे गुरुवारीच एका माणसाला माहीत होतं."

कोणी रविराजकडे वळून बघितलं नाही. सगळे बेसकडेच बघत होते.

"अजून एक. डबीत कापूस होता, बूच नव्हतं. बेसवर लावलेला जवान चोरणारा रिकामं बूच कशाला नेईल? बूच गेलं, कारण जवान अजून बुचावरच आहे. आणि हॉलबाहेर गेलेला नाही. चहाला जाताना रविराज हर्षालीच्या समोरून गेले, रिकाम्या हाताने, आणि रंगवलेला जवान कोणी खिशात कोंबत नाही. माझे मिस्टर मघाशी कुरकुरले की हा पाट दोन बोटं जास्त उंच आहे. त्यांना वाटलं ऐट. दोन बोटांत एक जवान आडवा मावतो."

रविराज पुढे आला. त्याने पाटाच्या दर्शनी बाजूची पितळी पट्टी अंगठ्याने सरकवली. आत खण होता. खणात कापूस, कापसात बूच, आणि बुचावर तोफखान्याचा जवान, घड्याळात वाजलेल्या वेळेसकट.

हर्षालीने तो हातात घेतला. तिने तो चारी बाजूंनी तपासला, मग नवऱ्याकडे बघितलं.

"का?"

"तासाभराने काढणार होतो, शपथ. तू एवढी रडशील असं वाटलं नव्हतं. आणि संशय काकांवर, मयुरेशवर जाईल असंही नाही." त्याने पितळी पट्टी परत सरकवली. "तीन वर्षं माणसं या टेबलापाशी येतात, वाकतात, म्हणतात काय जवान आहे! तो कशावर उभा आहे ते एकालाही माहीत नाही. कार्डावरसुद्धा माझं नाव नाही. जळतो मी तुझ्यावर, हर्षू. तुझ्याच जवानासाठी माती भाजताना जळतो. म्हटलं, एकदा जवान नसताना बघू दे लोकांना. आणि जवान नाही म्हटल्यावर तू काय म्हणालीस? बेसचं काय घेऊन बसलात."

कार्ड मी छापतो. एका नावावर जळणं मला पुरत होतं, दुसरं नाव कशाला वाढवा, असा माझा हिशेब होता. मी जमिनीकडे बघितलं.

"घरी बोलू," हर्षाली म्हणाली. तिचा आवाज ऐकून मला रविराजची काळजी वाटली. "आधी भोकं पाड. बाबा यायच्या आत जवान उभा राहायला हवा."

"ठशांवर?"

"मग कशावर?"

रविराज हलला नाही. "तिथे नाही पाडणार," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठेही पाडतो. तिथे नाही."

तेवढ्यात दाराकडून आवाज आला. "हर्षाले, कुठं हाय तुझी भातुकली?"

६

देवरामबाबा काठी टेकत आले. पांढरा सदरा, टोपी, पाठ अजून ताठ. हर्षालीने घाईघाईने जवान पाठीमागे लपवला, कारण उघडा बुचावरचा दाखवणं तिला पटेना. त्यामुळे बाबांना टेबलावर फक्त बेस दिसला.

ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी एक बोट त्या टाचेतल्या पाण्यावर ठेवलं आणि ओलं झालंय का ते बघितलं.

"हाईच जागा शे," ते हळूच म्हणाले. मग आम्हाला कळावं म्हणून अहिराणी सोडून सावकाश बोलले. "हीच ती जागा. सोमा उभा व्हता इथं. माझा जोडीदार. मी चहा आणाया मागं गेलो. परत आलो तं सोमा नाय. नुसते बूट उमटले व्हते, आन् त्यात पाणी भरत व्हतं. चहाचे दोन मग हातात घेऊन मी बघत राहिलो."

"सापडले का नंतर?" काकांनी विचारलं.

"नाय."

हॉलमध्ये चहाच्या कपांचा आवाज येत होता. हर्षाली बाबांकडे बघत होती, मग रविराजकडे, मग परत बाबांकडे.

"तुला हे माहीत होतं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"दिवाळीत देवळ्याला गेलो होतो तेव्हा चिखलाचा रंग विचारला. तेव्हा बोलले."

"बाबा, मी तुम्हाला किती वेळा विचारलं लढाईचं! तुम्ही म्हणालात, झालं गेलं, काय उगाळायचं. आणि याला सांगितलंत?"

"तू बटनं इचारली, बाय," देवरामबाबा म्हणाले. "पट्टा कसा व्हता, टोपीवर काय व्हतं. ते सांगितलं मी. यानं चिखल इचारला. चिखलाचं कोनी इचारत नाय."

हर्षालीचा चेहरा मी पूर्वी कधी तसा बघितला नव्हता, पण मला तो ओळखीचा होता. आरशात रोज दिसतो.

"आता मी जळतेय, रवी," ती म्हणाली. "कळलं? तू जवान लपवलास त्यापेक्षा याचा मला जास्त राग आलाय."

"कळलं," रविराज म्हणाला.

तिने जवान पाठीमागून पुढे आणला. भोकं पाडायचं परत कोणी बोललं नाही. तिने त्याला बुचासकट बेसच्या बाहेर, टेबलाच्या कडेला उभा केला आणि चेहरा त्या ठशांकडे वळवला. हातात चहाचे मग नव्हते, पण बाकी सगळं जुळत होतं. देवरामबाबांनी त्या बोटभर तरुण माणसाकडे बघितलं, टोपी काढली आणि परत घातली.

"मीच हाय हा," ते म्हणाले. आणि मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, "भातुकली नाय ही."

हर्षाली रडली, पण हे रडणं वेगळं होतं. मी टेबलावरचं कार्ड उचललं, खिशातलं पेन काढलं आणि तिच्या नावापुढे रविराजचं नाव लिहिलं. माझं अक्षर बरं आहे.

तीनच्या सुमारास पेपरचा फोटोग्राफर आला. त्याला कोणीतरी सगळी हकिगत सांगितली होती. उज्वला डब्यातली पोळी-भाजी एका कागदावर काढून मला देत होती.

"मला एक सांग," मी तिला विचारलं. "सगळ्यांना माझा संशय होता. तुला एकदाही नाही आला?"

"नाही. तुम्ही असतात तर बेस गेला असता आणि जवान राहिला असता."

"आणि रविराज? नवराच असेल, हे तुला कशावरून वाटलं?"

तिने पोळीचा घास मोडला. "अहो, हर्षालीचं कौतुक सुरू झालं की ते खिडकीकडे बघतात. तुम्ही पाणी पिता."

फोटोग्राफर कॅमेरा सरसावत आमच्याकडे आला. "शोध ताईंनी लावला ना? ताई, इकडे बघा." मग तो माझ्याकडे वळला. "काका, जरा बाजूला होता का? तुम्ही मध्ये येताय."

पाण्याची बाटली हाताशीच होती. मी ती उचलली नाही. डबा घेतला आणि सरकलो.